सेकंडहँड दुकानातून भरतकाम-विणकामाचं सामान आणि जुनी भांडी: पारखून घेण्याची सविस्तर पद्धत

जुन्या वस्तूत काही ना काही दोष असणारच. तो वरवरचा आहे की आतपर्यंत गेलेला, हे दुकानात उभ्या उभ्या ओळखता आलं पाहिजे. गंज, काजळी, तेलाचा चिकट थर, बंद कपाटाचा वास, न निघणारं लेबल हे सगळं वरचं. थोडी मेहनत केली की जातं. तडा, कुजलेला धागा, वाकलेला तळ, आतून उडालेलं इनॅमल हे आतले दोष, त्यांना उपाय नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. गंजलेला बिडाचा तवा बघून नाक मुरडतात आणि चकचकीत पण केसाएवढा तडा गेलेला बाऊल हौसेने घरी नेतात.

दुसरी एक विभागणीही डोक्यात पक्की असू द्या: अवजार आणि कच्चा माल. कात्री, सुया, क्रोशाचे हूक, रिंगा, अंगुस्तान यांना वय बाधत नाही. उलट जुन्या पोलादाची धार कधी कधी नव्यापेक्षा सरस निघते. धागा, लोकर, कापड, इलॅस्टिक हा कच्चा माल मात्र पडून पडून म्हातारा होतो. म्हणून अवजारं बिनधास्त घ्यावीत आणि कच्चा माल तपासल्याशिवाय घेऊ नये.

निघण्यापूर्वीची तयारी

आपल्याकडे काय आहे याची यादी फोनमध्ये ठेवा. धाग्यांचे नंबर, विणकामाच्या सुयांचे आणि हुकांचे मिलिमीटरमधले आकार, झाकण हरवलेल्या भांड्यांच्या तोंडाचा व्यास. झाकणांची टोपली बहुतेक सेकंडहँड दुकानांत असते आणि तिच्यात बरोब्बर बसणारं झाकण मिळतं, पण माप खिशात असेल तरच.

सोबत एक छोटी पिशवी न्या. तिच्यात लोहचुंबक, पोलादी टेप, सुयांचं माप बघायची भोकांची पट्टी, भिंग, टॉर्च, पांढरा सुती रुमाल, पाण्याची लहान बाटली आणि पातळ सुती कापडाचा तुकडा असावा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाली तर तीही ठेवा, काचेच्या कपाटापाशी उपयोगी पडते. झिपच्या दोन-तीन पिशव्याही घ्या. लोकर किंवा कापड विकत घेतलं की दुकानातच पिशवीत बंद करून टाकायचं.

दुकानात कसं फिरावं

माल मांडायचा दिवस प्रत्येक दुकानाचा वेगळा असतो. तिथे काम करणाऱ्यांना सरळ विचारा, ते सांगतात. शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जा, कारण गर्दी नसली की वस्तू शांतपणे हाताळता येते.

भरतकामाचं सामान फक्त ‘हस्तकला’ लिहिलेल्या फळीवर शोधू नका. ज्याने ते दुकानात दिलं त्यालाच अनेकदा ते काय आहे हे माहीत नसतं आणि मांडणाऱ्यालाही नसतं. बिस्किटांच्या डब्यात बटणं असतात, विणलेल्या टोपलीच्या तळाशी रिळं असतात, खेळण्यांच्या पिशवीत क्रोशाचे हूक निघतात. चादरींच्या गठ्ठ्यात उत्तम सुती किंवा लिनन कापड असतं. फोटोफ्रेमच्या ढिगाऱ्यात भरतकाम केलेले तुकडे असतात, आणि कधी कधी फ्रेमच त्या तुकड्याहून कामाची असते. बंद डबा दिसला की हलवून बघा आणि विचारून उघडा.

आवडलेली वस्तू आधी आपल्या टोपलीत टाका, परीक्षा नंतर. फळीवरच ठेवून विचार करत बसलात तर तेवढ्यात दुसरं कोणीतरी उचलतं. एक फेरी पूर्ण झाली की खिडकीजवळ किंवा चांगल्या दिव्याखाली उभं राहून एकेक वस्तू तपासा. जी उतरणार नाही ती जागच्या जागी परत ठेवा.

धागे

भरतकामाच्या सुती धाग्याच्या लडीत साधारण ८ मीटर धागा असतो आणि तो ६ पदरी असतो. १७४६ साली म्युलूझ (आता फ्रान्समध्ये) इथे सुरू झालेल्या डीएमसी या धाग्याच्या कंपनीच्या किंवा अँकर कंपनीच्या लडीवर कागदी पट्टा असतो, त्यावर रंगाचा नंबर छापलेला असतो. पट्टा शाबूत असेल तर लडीची किंमत माझ्या दृष्टीने दुप्पट, कारण तो रंग संपला तरी नंबर सांगून पुन्हा आणता येतो. पट्टा नसलेल्या लडी घ्यायच्या तर लहान कामांसाठी घ्याव्यात. मोठ्या नक्षीची पार्श्वभूमी त्यांच्यावर सुरू करू नये.

आता धाग्याची मुख्य परीक्षा. लडीतून वीतभर टोक बाहेर काढा, एक पदर सुटा करा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि हळूहळू ताण द्या. चांगला सुती पदर आधी थोडा ताणला जातो, बोटांना विरोध जाणवतो आणि मग ‘टच्’ आवाज होऊन तुटतो. कुजलेला धागा विरोध करतच नाही. तो आवाज न करता सुटतो आणि तुटलेल्या टोकाशी बारीक भुकटीसारखे तंतू दिसतात. ही परीक्षा लडीच्या बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही भागांवर करा, कारण उजेडाने बाहेरचा भाग आधी खराब होतो. रंगाचंही तेच. लडीची घडी उलगडून आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून बघा. दोन्हींत फरक दिसला तर त्या लडीचं काम कापडावर पट्ट्यापट्ट्यांचं दिसणार.

लाल, गडद निळा, काळा आणि जांभळा हे रंग सुटतात का तेही पाहायचं. रुमालाचं टोक ओलं करून धाग्यावर थोडा वेळ दाबून धरा. रुमालावर रंग उमटला तर ती लड पांढऱ्या कापडासाठी बाद.

लाकडी रिळांवरचा शिवणधागा बघायला फार सुंदर असतो, पण अशी रिळं बहुतेक काही दशकं जुनी असतात. ताणाच्या परीक्षेत उतरला तरी तो हाताने कच्चे टाके घालायला वापरा, मशीनवर लावू नका. मशीनच्या ताणात तो मध्येच तुटतो आणि त्याची कसपट बॉबिनपाशी साठते. रिळं मात्र जपून ठेवण्यासारखी असतात, त्यांच्यावर लेस आणि रिबिनी नीट गुंडाळता येतात.

क्रोशाच्या आणि पर्ल धाग्यांवरचा आकडा समजून घ्या: आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. पर्ल धागा ३, ५, ८, १२ असा बारीक होत जातो. क्रोशाच्या धाग्यात १० नंबर जाडसर आणि ८० नंबर अगदी नाजूक लेसचा. जुन्या संग्रहांत ४०, ६० आणि ८० नंबरचे गोळे पुष्कळ मिळतात. नवीन दुकानांत हे सहज दिसत नाहीत, म्हणून नाजूक लेस करणाऱ्यांनी या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावं.

सुया, हूक, रिंगा आणि कात्र्या

विणकामाच्या सुयांवर कोरलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड होते. ब्रिटिश ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५ मिमी. नुसत्या ‘८’वर भरवसा ठेवून स्वेटर विणलात तर माप सपशेल चुकणार. भोकांच्या पट्टीत सुई घालून मिलिमीटर बघा आणि जोडीतल्या दोन्ही सुया तपासा. दोन वेगवेगळ्या जोड्यांमधल्या एकेक सुया एकत्र बांधलेल्या पुष्कळदा सापडतात.

सुई सपाट काचेवर ठेवून घरंगळवली की वाकडेपणा लगेच कळतो. ॲल्युमिनियमची थोडी वाकलेली सुई चालते. टोकाला खरबरीत झालेली मात्र लोकर ओरबाडते, म्हणून टोकावरून नखाचा कड फिरवून पाहा. प्लॅस्टिकच्या सुयांना चिरा पडल्या असतील तर सोडून द्या.

शिवणाच्या आणि भरतकामाच्या सुयांची पाकिटं उघडून पाहायला हवीत. इंग्लंडमधल्या रेडिचसारख्या ठिकाणी बनलेल्या जुन्या सुया अप्रतिम असतात. फक्त नेढं नितळ आहे ना ते तपासा: धागा ओवून चार-पाच वेळा मागेपुढे ओढा, धाग्यावर कसपट उठली तर सुई कापडातही तेच करील. हलका गंज एमरीच्या (घासायच्या खरखरीत भुकटीच्या) पुडीत टोचून निघतो. गंजाने खड्डे पडलेली सुई टाकून द्या.

लाकडी रिंग दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आडवी करा. ती एका पातळीत असली पाहिजे. आतली आणि बाहेरची कडी एकमेकींत सगळीकडे सारखी बसते का आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरतो का, एवढं पाहिलं की झालं. घरी आणल्यावर आतल्या कडीला सुती पट्टी गुंडाळून घ्यावी, कापड घट्ट धरलं जातं आणि त्यावर डाग पडत नाहीत.

कात्रीची परीक्षा टोकाशी असते. मध्यावर तर सगळ्याच कात्र्या कापतात. सोबत नेलेलं पातळ कापड पात्यांच्या अगदी टोकाने कापा. टोकाला कापड दुमडलं गेलं तर एक तर धार गेली आहे किंवा खिळा सैल झाला आहे. स्क्रू असेल तर आवळता येतो. रिव्हेट असेल आणि पाती हलत असतील तर घेऊ नका. जुन्या कापडी मोजपट्ट्याही इथेच पोलादी टेपशी ताडून बघा, वापराने त्या लांबतात आणि मग ब्लाउजच्या मापात घोळ होतो.

सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकबद्दल एक सावधगिरी. हस्तिदंतासारखी दिसणारी जुनी सुईघरं, मोजपट्ट्यांच्या डब्या, बटणं बऱ्याचदा सेल्युलॉइडची असतात. बोटाने जोरात घासलं की कापरासारखा वास येतो. हा पदार्थ चटकन पेट घेतो आणि जुना झाला की त्यातून निघणारी वाफ शेजारच्या धातूला गंजवते. त्यामुळे असं सुईघर विस्तवापासून लांब ठेवा आणि त्यात सुया ठेवू नका. तापलेली टाचणी टोचून पारखायचा जो सल्ला दिला जातो तो इथे अजिबात ऐकू नये. खऱ्या हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या पाठीच्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बहुतेक देशांत कायद्याची बंधनं आहेत, त्या वाटेला न गेलेलं बरं.

कापड आणि लोकर

क्रॉस स्टिचच्या मॅटीवर एका इंचात किती घरं आहेत ते भिंगातून मोजा. १४ घरांच्या कापडावर १४० टाके रुंद नक्षी १० इंच जागा घेते, शिवाय चारही बाजूंना २-३ इंच सोडावे लागतात. हा हिशेब दुकानातच करा. घडीच्या रेषेवर कापड कमजोर होतं, म्हणून घडी उलगडून उजेडासमोर धरा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ओढा. पिवळे डाग धुऊन जाऊ शकतात. तपकिरी गंजाचे ठिपके जवळजवळ जात नाहीत आणि त्या जागी कापड पुढे फाटतं.

कापड कशाचं आहे याची शंका असेल तर कडेचा एखादा धागा घरी नेऊन चिमट्यात धरून, पाण्याच्या वाडग्यावर जाळून बघता येतो. सुती आणि लिनन धागा कागदासारखा जळतो, मऊ राखाडी राख उरते. लोकर आणि रेशमाला केस जळल्याचा वास येतो, काळी राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

लोकरीचे गोळे घेताना पट्ट्यावरचा ‘डाय लॉट’, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या घाण्याचा क्रमांक, बघा. रंगाचा नंबर एकच असला तरी लॉट वेगळे असले की छटा बदलते. गोळ्यात तुटलेली टोकं, बारीक जाळी किंवा वाळूसारखे कण दिसले की कसर लागली आहे असं समजा आणि तो गोळा परत ठेवून द्या.

माझ्या मते उत्तम लोकर मिळते ती स्वेटरच्या रांगेत. शुद्ध लोकरीचा, अल्पाकाचा किंवा मोहेरचा मोठ्या मापाचा स्वेटर उसवला की पुष्कळ चांगली लोकर हाती येते. पण कुठलाही स्वेटर उसवता येत नाही, आणि हे कळतं शिवणीवरून. स्वेटर उलटा करा आणि काखेखालची शिवण बोटांनी ताणून उघडा. दोन्ही कडांना विणीचे टाके वेणीसारखे सलग दिसत असतील आणि मधून एकच धागा साखळीने ओवलेला असेल, तर तो धागा कापून भाग सुटे होतात आणि लोकर सलग उसवते. कडा कापलेल्या असतील आणि त्यांच्यावर तीन-चार बारीक धाग्यांचं ओव्हरलॉक असेल तर प्रत्येक ओळीत लोकर आधीच तुटलेली आहे. हाती येतील ते रुंदीएवढे तुकडे. असा स्वेटर सोडून द्या. लोकर धुण्यात घट्ट झाली असेल, टाके एकमेकांत मिसळले असतील, तरीही सोडा.

उसवायला सुरुवात विणकाम जिथे संपलं तिथून, म्हणजे सहसा गळ्याकडून किंवा खांद्याकडून करायची. खालून उसवायला गेलात की दर ओळीला अडकतं. निघालेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि न पिळता टांगून वाळवा. तिच्यातल्या नागमोडी वळ्या निघून जातात.

किट, जुनी नमुना-पुस्तकं, बटणं आणि मशीन

अर्धवट सोडलेली किट घेताना नक्षीचा आलेख आत आहे की नाही ते सगळ्यात आधी बघा. धागा कमी पडला तर आणता येतो, कापडही आणता येतं, आलेख गेला की किट संपलं. नमुना-पुस्तकं माहितीच्या खाणी असतात, फक्त भाषा तपासून घ्या: ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’. लोकरीचं वजन औंसात दिलेलं असेल तर १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. कोणत्याही जुन्या नमुन्यावर काम सुरू करण्याआधी चौकोनी तुकडा विणून माप जुळवून घ्या, आजची लोकर तीच जाडी देईल असं नाही.

शिंपल्याचं बटण गालाला लावलं की गार लागतं, प्लॅस्टिकचं लागत नाही. मागच्या बाजूला शिंपल्याचा मूळ रंग किंवा उंचसखल पोतही बहुधा दिसतो. एकाच प्रकारची निदान पाच-सहा बटणं मिळाली तर घ्या, सुट्या एकेका बटणाचा ढीग घरात फक्त वाढतो.

शिलाई मशीन वजनदार खरेदी आहे, तिथे घाई नको. हातचाक फिरवून सुई वर-खाली सहज जाते का, बॉबिन-केस आणि बॉबिन जागेवर आहेत का, जुन्या धर्तीची लांब शटल (बॉबिन धरणारी होडीसारखी डबी) असेल तर ती हरवलेली नाही ना, हे पाहा. वर्षानुवर्षं घट्ट झालेलं तेल सुटतं, हरवलेली शटल शोधणं मात्र अवघड. सिंगरच्या १९३३ पासून आलेल्या २२१ फेदरवेटसारख्या मशीनला आजच्या नेहमीच्या घरगुती सुया चालतात, म्हणून ती आजही रोजच्या कामाला येते. विजेवर चालणाऱ्या मशीनची वायर ठिसूळ झाली असेल तर ती बदलेपर्यंत प्लग लावू नका.

भांडी: आधी बीड

बिडाचं भांडं हा जुन्या भांड्यांतला माझा सर्वांत आवडता प्रकार, कारण बाहेरून कितीही वाईट दिसलं तरी आतून धड असलं की ते नव्यासारखं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी इथली ग्रिसवोल्ड, ओहायोतली वॅगनर आणि १८९६ पासून आजही चालू असलेली लॉज ही अमेरिकन नावं जाणकार शोधतात. ग्रिसवोल्डचा ईरीतला कारखाना १९५७ मध्ये बंद झाला. जुन्या तव्यांची आतली बाजू घासून गुळगुळीत केलेली असायची आणि त्यांचं वजन तुलनेने कमी असतं. तळाशी नाव कोरलेलं नसलं तरी हे दोन गुण हातात घेतल्यावर कळतात.

परीक्षा अशी. भांडं दांड्याच्या भोकात बोट घालून मोकळं लटकवा आणि कडेवर बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत, लांबलेला नाद आला तर भांडं अखंड. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, आणि बहुधा दांड्याच्या जोडाशी किंवा कडेला असतो. टॉर्च तिरपी धरून तिथे शोधा. मग भांडं काचेच्या फळीवर किंवा फरशीवर ठेवून समोरासमोरच्या कडा आळीपाळीने दाबा. किंचित डुलणारं भांडं गॅसवर चालतं, सपाट काचेच्या किंवा इंडक्शन शेगडीवर नाही. शेवटी रंग बघा. साधा गंज खरवडला की खाली राखाडी धातू दिसतो. पण भांडं कधी आगीत किंवा भट्टीत जास्त तापलं असेल तर त्यावर निस्तेज लालसर डाग पडतो, तो घासून जात नाही आणि त्या जागी तेलाचा थर कधीच धरत नाही. अशा डागाचं भांडं कितीही स्वस्त असलं तरी मी घेणार नाही.

आतल्या बाजूला करड्या, चकाकत्या धातूचे थेंब किंवा ओघळ चिकटलेले असतील तरी लांब राहा. काही लोक जुन्या बिडाच्या भांड्यांत शिसं वितळवत आलेले आहेत.

घरी आणल्यावर: जुना चिकट थर ओव्हन-क्लीनरने काढा, मात्र हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. गंज असेल तर निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर यात बुडवा, पण अर्ध्या तासाहून जास्त नको आणि दर दहा मिनिटांनी बघत राहा, नाहीतर आम्ल चांगलं लोखंडही खातं. लगेच धुवा, गरम करून पूर्ण कोरडं करा. मग तेलाचा हात फिरवा आणि तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत कोरड्या कापडाने पुसा. सगळ्यांत जास्त गफलत इथे होते: तेल जास्त राहिलं की थर चिकट बनतो. भांडं उपडं घालून २३० अंश सेल्सिअसला तासभर ओव्हनमध्ये ठेवा आणि ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा केलं की पाया तयार होतो.

इनॅमल, काच आणि चिनीमाती

इनॅमलच्या भांड्यात बाहेरच्या कडेचा टवका चालतो, आतला नाही. आतला उघडा पडलेला भाग गंजतो आणि इनॅमलचे कण अन्नात येतात. ल क्रूझे (फ्रान्स, १९२५) सारख्या इनॅमल चढवलेल्या बिडाच्या भांड्याचा तळ नुसता तपकिरी झाला असेल तर तो खाण्याच्या सोड्याने उजळतो. पण बोट फिरवल्यावर खरखरीत लागला, तर चकाकी खाल्ली गेली आहे आणि अन्न चिकटणारच.

पायरेक्स ही ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी १९१५ मध्ये बाजारात आली तेव्हा ती उष्णतेतला बदल सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची होती. पुढे अमेरिकेत कडक केलेली सोडा-लाइम काच वापरली जाऊ लागली, आणि १९४० च्या दशकापासून आलेले रंगीत दुधी काचेचे बाऊलही वेगळ्याच काचेचे. म्हणून नाव बघून कोणतंही भांडं फ्रीजमधून थेट ओव्हनमध्ये घालू नका. काचेच्या कडेवरून नख फिरवा, सूक्ष्म टवकाही नखाला लागतो. रंगीत बाऊल डिशवॉशरमध्ये फिके आणि खडूसारखे होतात, ती चमक परत येत नाही.

कॉर्निंगवेअर ही फार भरवशाची गोष्ट आहे. कॉर्निंग कंपनीचे संशोधक एस. डोनाल्ड स्टुकी यांच्या प्रयोगात भट्टी ठरल्यापेक्षा जास्त तापली आणि त्यातून ही काच-सिरॅमिक जन्माला आली. भांडी बाजारात आली १९५८ मध्ये, बाजूला निळ्या फुलांची नक्षी घेऊन. मूळ भांडी शेगडीवरही चालतात. पुढे त्याच नावाने स्टोनवेअरची (भाजलेल्या मातीची) भांडी निघाली, ती शेगडीवर फुटतात. तळावरचा मजकूर वाचल्याशिवाय दोन्हींत गल्लत करू नका.

चिनीमातीच्या आणि सजवलेल्या भांड्यांत शिशाचा प्रश्न गंभीर आहे. जुन्या झिलईत आणि वर काढलेल्या रंगांत शिसं असू शकतं, भडक लाल, केशरी, पिवळ्या रंगांत कॅडमियमही. मुलांच्या बाबतीत शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. घरगुती चाचणीच्या पट्ट्या फक्त अंदाज देतात, खात्री प्रयोगशाळाच देते. माझा नियम सरळ आहे: झिलई झिजलेली, बारीक भेगांची जाळी पडलेली किंवा आतून नक्षी असलेली जुनी ताटली खाण्यासाठी वापरायची नाही. आंबट पदार्थ तर मुळीच नको, आम्लाने शिसं सुटतं. अशा भांड्यात सुयांची गादी, बटणं, रिळं ठेवावीत.

होमर लॉफलिन कंपनीच्या १९३६ पासूनच्या फिएस्टा भांड्यांचा मूळ लाल रंग युरेनियमच्या झिलईचा होता. युद्धकाळात १९४३ मध्ये तो थांबला, १९५९ ते १९७२ पुन्हा निघाला. ही लाल भांडी कपाटात शोभतात, जेवायला काढू नयेत. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली हिरवीगार चमकणारी काच म्हणजे बहुधा युरेनियमची काच, तीही संग्रहाचीच वस्तू. अस्सल क्रिस्टलमध्ये २४ टक्के किंवा अधिक लेड ऑक्साइड असतं. त्यातून पेय प्यायला हरकत नाही, पण त्यात साठवून ठेवू नका.

धातूची बाकी भांडी

तांब्याच्या भांड्यात आतली कल्हई बघा. कल्हई उडून लाल तांबं दिसत असेल तर पुन्हा कल्हई लावल्याशिवाय स्वयंपाक नाही, मात्र भांडं जाड असेल तर तो खर्च वसूल होतो. कल्हईचं कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं कोरडं तापवायचं नसतं. स्टीलच्या तळाला लोहचुंबक चिकटला तर भांडं इंडक्शनला चालण्याची शक्यता असते. चमच्यावर ‘ईपीएनएस’ अक्षरं असतील तर तो चांदीचा मुलामा, ‘९२५’ असेल तर चांदी. कार्बन स्टीलची जुनी सुरी काळी पडलेली असली तरी घ्या, धार लावली की ती फार छान कापते. फक्त मुठीत पातं हलत नसावं.

ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी, वास धरलेले प्लॅस्टिकचे डबे आणि ज्यांची रबरी रिंग किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह मिळणार नाही असे प्रेशर कुकर यांच्याकडे वळूही नका.

घरी आल्यावर

कापड, लोकर आणि विणलेल्या टोपल्या थेट कपाटात नकोत. ज्यांना सोसेल ते ६० अंशांच्या पाण्यात धुवा. लोकर बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे ओल धरत नाही. टोपलीच्या विणीत आणि शिवणीत ढेकूण लपतात, टॉर्च लावून एकदा तरी बघाच.

लेबलाचा चिकटपणा काचेवरून खाद्यतेल आणि खाण्याच्या सोड्याच्या लेपाने निघतो. लाकडी वस्तू पाण्यात बुडवू नका, ओल्या कापडाने पुसून सावलीत वाळवा. भुशाचे ताजे ढीग पडत असतील तर आत कीड जिवंत आहे, तीही वस्तू फ्रीझरमध्ये घाला.

प्रत्येक सुईला आणि हुकाला मिलिमीटरचं माप लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि ती नोंद फोनमधल्या यादीत टाका. बांधून आलेल्या ढिगातलं जे लागणार नाही ते दुकानात परत द्याल तेव्हाही मापाची चिठ्ठी तशीच राहू द्या, बटणं प्रकारानुसार वेगळ्या पिशव्यांत भरा आणि कुजलेला धागा काढून टाका.